वर्षातून एकदा सुरू होणारे एंजिन

कृष्णेला पूर आला की सांगलीकरांचे डोळे आयर्विन पुलाकडे लागतात. १९२९ साली खुल्या झालेल्या या पुलापाशी नदीची पातळी फुटांत मोजली जाते. ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले होते आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर ५७ फुटांच्याही वर. अशा वेळी गावातल्या रस्त्यांचे ओढे होतात, ट्रॅक्टर निरुपयोगी ठरतो आणि उरते ती बोट. तिच्या मागच्या फळीला एक एंजिन अडकवलेले असते. त्याचे अर्धे अंग हवेत व अर्धे पाण्यात असते. बचावपथकातील मंडळी त्याला ‘ओबीएम’ म्हणतात. बोटीच्या बाहेर टांगलेली मोटार, एवढाच त्याचा अर्थ.

८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे, कृष्णा व येरळा यांच्या संगमाजवळ, पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि १७ जणांचा मृत्यू झाला. त्या बोटीत पेलवतील त्याहून जास्त माणसे होती. बोटीत जास्त माणसे का बसतात? बोटी कमी असतात म्हणून. आणि बोटी कमी का पडतात, याची जी अनेक कारणे आहेत त्यांत एक अगदी साधे कारण असे, की ऐन वेळी काही बोटींचे एंजिन सुरूच होत नाही. अकरा महिने कोपऱ्यात पडून राहिलेल्या यंत्राने बाराव्या महिन्यात पहिल्या झटक्याला सुरू व्हावे अशी आपली अपेक्षा असते. ते का होत नाही आणि व्हावे म्हणून काय करावे, हे समजून घेण्यासाठी एंजिनाच्या पोटात थोडे शिरले पाहिजे.

बोटीला लावली जाणारी जुनी एंजिने बहुधा दोन धावांची असतात. सातारा जिल्ह्यातील वाचकांना हे एंजिन परके वाटू नये. १९७५ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या साताऱ्यातील कारखान्यात ‘प्रिया’ नावाची स्कूटर तयार होत असे, तिचे एंजिन याच जातीचे होते. ‘प्रिया’ चालवणारे तुमचे आजोबा पेट्रोलपंपावर लिटरमागे २० मिलिलिटर ऑईल घालायला सांगत असत, हे त्यांना विचारून पाहा. हे ऑईल पेट्रोलमध्ये का घालायचे, या प्रश्नाच्या उत्तरात सारे एंजिन सामावले आहे.

दट्ट्या सिलिंडरमध्ये वर जाऊ लागला की त्याच्या डोक्यावरचे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते. त्याच वेळी दट्ट्याच्या खालच्या बंद पेटीत, म्हणजे जिथे भुजादंड फिरतो तिथे, जागा वाढते व दाब कमी होतो. मग एक पातळ पाकळीसारखी झडप उघडते आणि कार्बुरेटरमधून ताजे मिश्रण या पेटीत ओढले जाते. दट्ट्या वर पोचतो, ठिणगी पडते, स्फोट होतो व दट्ट्या खाली ढकलला जातो. खाली येताना तो पेटीतले ताजे मिश्रण दाबतो. शेवटी सिलिंडरच्या भिंतीतील दोन प्रकारची छिद्रे उघडी पडतात. पहिल्यातून जळालेला वायू बाहेर जातो आणि दुसऱ्यातून पेटीतले ताजे मिश्रण वर येते व उरलासुरला धूर बाहेर हाकलते. दोन धावांत काम पूर्ण! वर-खाली होणाऱ्या झडपा नाहीत, त्या हलवणारे दांडे नाहीत. जोसेफ डे या इंग्रज अभियंत्याने १८९१ च्या सुमारास ही भुजादंडाच्या पेटीचा पंप करण्याची युक्ती काढली. पुढे १९०९ साली अमेरिकेत ओल एव्हिनरूड याने अशा एंजिनाची बोटीमागे टांगायची मोटार विकायला सुरुवात केली. तिची शक्ती अवघी दीड अश्वशक्ती होती. आज पुरात वापरतात ती एंजिने साधारण २५ ते ४० अश्वशक्तीची असतात.

परंतु पेटीतून सतत पेट्रोल वाहत असेल तर तिच्यात मोटारगाडीप्रमाणे वंगणाचा साठा ठेवता येत नाही. म्हणून वंगण पेट्रोलमध्येच मिसळून पाठवायचे. पुष्कळ एंजिनांना ५० भाग पेट्रोलला १ भाग ऑईल लागते, म्हणजे ५ लिटरला १०० मिलिलिटर. काही फार जुन्या एंजिनांना याच्या दुप्पट लागते, ते त्यांच्या पाटीवर किंवा पुस्तकात लिहिलेले असते. ऑईल विसरले तर काय होईल, ते गणिताने पाहू. दट्ट्या सिलिकॉनमिश्रित ॲल्युमिनियमचा असतो, तो एका अंश सेल्सिअसला दहा लाखांत सुमारे २० भाग प्रसरण पावतो. बिडाचे सिलिंडर सुमारे ११ भाग. ६० मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या १०० अंशांनी जास्त तापला, तर त्याचा व्यास ०.१२ मिलिमीटरने वाढेल. सिलिंडर मात्र बाहेरून पाण्याने थंड राहिलेले असल्याने तितके वाढणार नाही. या दोघांमधली मूळ फटच कागदाच्या जाडीच्या आसपास असते. वंगण नसेल तर घर्षणाने दट्ट्या तापतो, फट संपते आणि दट्ट्या सिलिंडरला घट्ट धरतो. मिस्त्री लोक म्हणतात, ‘एंजिन सीझ झाले’. मग दोरी दोन माणसांनी ओढूनही हलत नाही.

एंजिन सुरू होत नसेल तर दोरी ओढ-ओढ ओढणे हा आपल्याकडचा पहिला उपाय. तो थांबवून प्लग काढून पाहावा, कारण प्लग हा या यंत्राचा साक्षीदार आहे. दहा वेळा दोरी ओढूनही प्लगचे टोक कोरडे असेल, तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोचलेलेच नाही. टोक ओले आहे व त्याला पेट्रोलचा वास येतो, तर पेट्रोल येते आहे पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल अति झाले आहे. काळी, चिकट काजळी म्हणजे ऑईल किंवा पेट्रोलचे प्रमाण जास्त. टोक पांढरेफटक पडले असेल तर एंजिन अति तापत होते. आणि त्यावर चांदीसारखे बारीक कण दिसले तर ते दट्ट्याचेच वितळलेले ॲल्युमिनियम समजावे व एंजिन उघडावे. विटकरी किंवा फिकट तपकिरी रंग हे आरोग्याचे लक्षण.

त्याही आधी एक गोष्ट पाहायची. बऱ्याच एंजिनांना लाल पिळाची एक दोरी असते. तिचे एक टोक चालकाच्या मनगटाला व दुसरे एंजिनावरील कळीला अडकवतात. चालक पाण्यात पडला की कळ निघते व एंजिन बंद होते. ती कळ जागेवर नसेल तर ठिणगी पडणारच नाही. घाईत ती लावायची राहते आणि सगळे पथक कार्बुरेटर उघडून बसते! जुन्या एंजिनांना ही सोय नसते. ती बसवून घेणे शक्य असते व बसवावीच, कारण चालक पडल्यावर रिकामी बोट गोल फिरत त्याच्याच अंगावर येऊ शकते.

आता कोरड्या प्लगचा माग काढू. पेट्रोल टाकीतून नळीने येते व वाटेत एक रबरी फुगा असतो. तो हाताने दाबून कार्बुरेटर भरायचा. फुग्यावर बाण असतो, तो एंजिनाकडे हवा. चार-सहा वेळा दाबल्यावर फुगा टणक झाला पाहिजे. तो मऊच राहिला तर कुठेतरी हवा शिरते आहे किंवा त्यातील एकमार्गी झडप गेली आहे. फुगा चपटा होऊन राहिला, आणि एंजिन सुरू होऊन पाच-सात मिनिटांनी बंद पडत असेल, तर टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू बंद आहे. पेट्रोल जाते पण त्याची जागा घ्यायला हवा येत नाही. तेलाच्या डब्याला दुसरे भोक पाडल्याशिवाय तेल धड पडत नाही, हे आपण घरी पाहतोच.

याच्या पुढे येतो कार्बुरेटर, आणि अकरा महिन्यांच्या विश्रांतीचा खरा घाव इथेच बसतो. कार्बुरेटरच्या वाटीत राहिलेले पेट्रोल उडून जाते व मागे डिंकासारखा थर ठेवते. पितळी जेटचे भोक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असते, ते या थराने अरुंद होते. याची एक सुंदर परीक्षा आहे. चालू एंजिन वेग घेताना गुदमरते, पण चोक ओढताच सावरते, असे झाले तर जेट तुंबले म्हणून समजावे. चोक हवा कमी करतो, त्यामुळे अपुऱ्या पेट्रोलचे प्रमाण तात्पुरते जुळते. जेट काढून द्रावकाने धुवावे व हवा फुंकून साफ करावे. तार खुपसू नये, पितळ मऊ असते, भोक मोठे होते.

पेट्रोलच्या बाबतीत अलीकडे एक नवी अडचण आली आहे आणि तिचा एक धागा आपल्या उसाच्या मळ्यांतून निघतो. सातारा-सांगलीतील साखर कारखान्यांच्या आसवनींत मळीपासून व उसाच्या रसापासून इथेनॉल तयार होते. २०२५ पर्यंत देशात मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण साधारण २० टक्क्यांपर्यंत पोचले. शेतकऱ्याला व देशाला त्याचा उपयोग आहे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पावसाळ्यात अर्धी टाकी महिनोन्‌महिने ठेवली, की त्यात पाणी साठत जाते. एका मर्यादेपर्यंत ते मिसळून राहते. मर्यादा ओलांडली की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होते आणि जड असल्याने तळाशी बसते. टाकीतली नळी पेट्रोल ओढते तेही तळातूनच. वंगण मात्र वरच्या पेट्रोलच्या थरातच राहते. म्हणजे एंजिनाला मिळते ते पाणी व अल्कोहोल, तेही वंगणाशिवाय. शिवाय जुन्या एंजिनाच्या रबरी नळ्या व पडदे इथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, आणि मूळच्या जेटला या पेट्रोलचे मिश्रण विरळ पडते, त्यामुळे एंजिन अधिक तापते.

हे शाळेत पाहता येईल. शिक्षकांनी स्वतः, मोकळ्या हवेत, जवळपास ज्योत, विजेची कळ किंवा शेगडी नसताना, १०० मिलिलिटरच्या मोजपात्रात १० मिलिलिटर पाणी घ्यावे व त्यावर ९० मिलिलिटर पेट्रोल ओतावे. बूच लावून हलवावे, मधून मधून बूच सैल करून वाफ जाऊ द्यावी, मग पात्र स्थिर ठेवावे. खालचा थर १० च्या खुणेवर न राहता वर सरकलेला दिसेल. जितका वाढला तितके अंदाजे इथेनॉल. २० टक्के असेल तर खालचा थर २८ च्या आसपास पोचेल. आता हाच प्रयोग ऑईल मिसळलेल्या पेट्रोलवर करावा. दोन धावांच्या एंजिनाच्या ऑईलला बहुधा निळा किंवा लाल रंग दिलेला असतो. रंग कोणत्या थरात राहतो ते विद्यार्थ्यांनी पाहावे. उरलेले द्रव गटारात ओतू नये.

यावरून नियम निघतो तो असा: पुराची मोटार ठेवताना टाकी पूर्ण रिकामी करावी, नळी सोडवून एंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे कार्बुरेटर कोरडा होतो. आणि जूनमध्ये ताजे पेट्रोल भरावे. मागच्या वर्षीचे पेट्रोल वाचवण्यात काटकसर नाही.

प्लग ओला निघाला तर ठिणगीकडे वळायचे. एंजिनाच्या डोक्यावरच्या जड चाकात चुंबके बसवलेली असतात. चाक फिरले की चुंबके तारेच्या वेटोळ्यांजवळून जातात व त्यांत वीज उत्पन्न होते, हा फॅरडेने १८३१ साली शोधलेला नियम. बॅटरी नसतानाही एंजिन सुरू होते ते यामुळे. मिनिटाला ५,००० फेरे होत असतील तर सेकंदाला ८३ ठिणग्या पडाव्या लागतात, चार धावांच्या एंजिनाला याच्या निम्म्या पुरतात. जुन्या रचनेत चाकाखाली दोन संपर्कबिंदू असतात. पडून राहिल्याने त्यांच्यावर दमट थर चढतो. कोरा कागद मध्ये धरून ओढला तरी अनेकदा तो निघतो. प्लग बाहेर काढून ठिणगी पाहतात, त्यात एक गोम आहे. मोकळ्या हवेत ठिणगी सहज पडते, पण सिलिंडरमधील दाबलेल्या हवेत तीच फट ओलांडायला जास्त विद्युत्‌दाब लागतो. म्हणून बाहेरची लालसर, मिणमिणती ठिणगी पाहून समाधान मानू नये. निळी व चटचट आवाज करणारी हवी. हे काम मोठ्या माणसाने, सांडलेले पेट्रोल पुसून व वाफ उडाल्यावरच करायचे असते.

पेट्रोल आहे, ठिणगी आहे, तरी एंजिन मलूल, तर दाब गेला असावा. दट्ट्याच्या कड्या झिजल्या की वरचा दाब जातो हे सर्वांना ठाऊक असते. दोन धावांच्या एंजिनात भुजादंडाच्या टोकांची रबरी सीलेही तितकीच महत्त्वाची. ती वाळून कडक झाली की खालच्या पेटीत बाहेरची हवा शिरते, मिश्रण विरळ होते व दट्ट्या तापून धरतो. हे काम मात्र मिस्त्रीकडेच द्यावे.

सुरू झालेले एंजिन टिकते ते पाण्यावर. खालच्या पायात एक रबरी पाकळ्यांचे चाक असते. ते नदीचे पाणी ओढून सिलिंडरभोवती फिरवते. त्यातले थोडे पाणी मागच्या बाजूने एका बारीक धारेने बाहेर पडते. ही धार म्हणजे एंजिनाची नाडी. सुरू करताच पहिली नजर तिच्याकडे गेली पाहिजे. धार नसेल तर ताबडतोब बंद. कधी कधी दोष फक्त धारेच्या भोकात असतो. कुंभारीण माशीला असली भोके मातीचे घर बांधायला फार आवडतात. बारीक तारेने ते मोकळे करावे. तरीही धार आली नाही तर रबरी चाक बदलावे. पाकळ्या वर्षभर एकाच बाजूला वाकून राहिल्या की तशाच वाकड्या राहतात. पाण्याबाहेर, ‘सुरू होते का नुसते पाहू’ म्हणून एंजिन चालवले तर कोरड्या घर्षणाने हे चाक पाहता पाहता जळते. गावागावांत ही चाचणी कोरडीच होते आणि मला वाटते, पुरात तापून बंद पडणाऱ्या कितीतरी एंजिनांचा घात या उत्साही चाचणीनेच होतो. कापलेल्या पिंपात पाणी भरून, पाय त्यात बुडवून, गिअर न टाकता पंधरा मिनिटे चालवणे ही खरी चाचणी.

समुद्रावर मिठाचा त्रास, आपल्याकडे गाळाचा. पुराचे तांबडे पाणी म्हणजे पातळ पॉलिश पेपरच. ते रबरी पाकळ्या घासून काढते व पाण्याच्या वाटा भरून टाकते. म्हणून दिवसाचे काम संपल्यावर स्वच्छ पाण्याच्या पिंपात एंजिन थोडा वेळ चालवून आतला गाळ धुवावा. त्याशिवाय उसाचे पाचट, प्लॅस्टिक, कुंपणाची तार, पंचगंगेतून वाहून येणारी जलपर्णी हे सारे पंख्याला गुंडाळले जाते. नायलॉनचा दोरा पंख्यामागच्या आसात शिरला तर तिथले सील कापतो. मग गिअरच्या तेलात पाणी शिरते. खालचा स्क्रू काढल्यावर तेल दुधाळ दिसले तर हेच झाले आहे. पंखा दगडाला किंवा बुडालेल्या दुचाकीला आपटला, तर काही जुन्या एंजिनांत एक मऊ पितळी पीन मोडते व पंखा मोकळा फिरतो. ती मोडण्यासाठीच केलेली असते, विजेच्या फ्यूजसारखी. तिच्या जागी खिळा ठोकू नये, पुढच्या वेळी पिनेऐवजी गिअर मोडेल. दोन पिना, एक जोडी प्लग, प्लगपाना व पक्कड बोटीतच असावी.

साताऱ्याकडे, कोयनेच्या शिवसागर जलाशयात, तापोळा व बामणोली येथील नावाडी पर्यटकांना घेऊन जातात. कांदाटी खोऱ्यातील गावांची तर नावेवाचून कैक वर्षे गैरसोय झाली. तिथली एंजिने कधी बिघडत नाहीत असे नव्हे, पण ती रोज चालतात, त्यामुळे बिघाड रोज थोडा थोडा कळतो. पुराच्या बोटीचा बिघाड वर्षभर गप्प असतो. ग्रामपंचायतीने दर महिन्याला एकदा पिंपातली चाचणी केली व वहीत तारीख, धार, प्लगचा रंग एवढे टिपून ठेवले, तर तेवढ्याने पुष्कळ कळेल. ही वही ठेवायला एखाद्या हायस्कूलचे विज्ञान मंडळ काय वाईट?

एक प्रसंग उरतो, एंजिनच पाण्यात बुडाल्याचा. बोट उलटली तर हे होतेच. बाहेर काढताच दोरी ओढण्याचा मोह होतो. तो आवरावा. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना चाक जोराने फिरवले तर दट्ट्याचा दांडा वाकतो. प्रथम प्लग काढावेत, भोके खाली करून पाणी निथळू द्यावे, चाक हाताने हळू फिरवून उरलेले काढावे, कार्बुरेटर रिकामा करावा, आत ऑईल सोडावे आणि त्याच दिवशी एंजिन सुरू करून अर्धा तास चालवावे. फिरताना खरखर लागली तर आत गाळ आहे, मग अजिबात फिरवू नये. मिस्त्री दोन दिवसांनी भेटणार असेल, तर ते एंजिन तोवर स्वच्छ पाण्याच्या पिंपात पूर्ण बुडवून ठेवावे. बुडालेली वस्तू पुन्हा बुडवून ठेवायची, हे वेडेपणाचे वाटेल. परंतु लोखंड गंजायला पाणी व प्राणवायू दोन्ही लागतात. ओले एंजिन हवेत ठेवले तर त्याला दोन्ही भरपूर मिळतात. पाण्याखाली विरघळलेला प्राणवायू फार थोडा असतो, त्यामुळे दोन दिवसांनी बाहेर काढलेल्या त्याच्या बेअरिंगा अजून चकचकीत निघण्याची शक्यता असते.